जुन्या सवयी, नवे सॉफ्टवेअर: इंटरफेसच्या कॉपीराइट दाव्यांत न अडकता स्पर्धा कशी करावी

टॅलीवर वर्षानुवर्षे व्हाउचर टाकणाऱ्या अकाउंटंटला पेमेंटसाठी एफ-५, रिसीटसाठी एफ-६, जर्नलसाठी एफ-७ आणि सेल्ससाठी एफ-८ हे आठवावे लागत नाही. बोटे आपोआप त्या कळेवर जातात. हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर घेऊन अशा अकाउंटंटकडे जाणाऱ्या कंपनीला अगदी सुरुवातीलाच ठरवावे लागते, की याच कळा ठेवायच्या की वेगळ्या. वेगळ्या ठेवल्या तर ग्राहक वैतागून जुन्या सॉफ्टवेअरकडे परततो. त्याच ठेवल्या तर उद्या वकिलाची नोटीस येईल, अशी धास्ती मनात राहते. मेनू, कमांड, एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची ठरलेली रीत), फाइल फॉरमॅट अशा प्रत्येक ठिकाणी हीच अडचण वेगळ्या रूपात उभी राहते.

या धास्तीपोटी काही लहान कंपन्या कायद्याने मोकळ्या असलेल्या गोष्टीही सोडून देतात, तर काही जण धास्तीच न बाळगता सरसकट सगळे उचलतात. पुढील मार्गदर्शन अशा संस्थापकांसाठी, प्रॉडक्ट मॅनेजरांसाठी आणि प्रोग्रामरांसाठी आहे. त्यातील खटले मुख्यतः अमेरिकेतले आणि युरोपातले आहेत, कारण हा वाद तिथे लढला गेला. ते निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. मात्र आपले ग्राहक अमेरिकेत असतील तर दावाही तिथेच दाखल होऊ शकतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या खटल्यांत शेवटी कोण जिंकले यापेक्षा, निकाल लागेपर्यंत बाजारात कोण टिकले हे स्पर्धेच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरले आहे. म्हणून बहुतेक खबरदारी प्रॉडक्टचा आराखडा आखतानाच घ्यायची असते.

एका नावाखालच्या वेगवेगळ्या गोष्टी सुट्या कराव्यात

इंटरफेस हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात पडद्यावरचे चित्र येते, मेनूची रचना येते, कमांडची नावे येतात, शॉर्टकटच्या कळा येतात, दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलण्याची एपीआयची घोषणावाक्ये (फंक्शनची नावे आणि पॅरामीटर सांगणाऱ्या ओळी) येतात, फाइलमध्ये माहिती साठवण्याची पद्धत येते आणि हे सगळे समजावणारे मॅन्युअलही येते. कायदा या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्यामुळे पहिले काम म्हणून एक साधी स्प्रेडशीट उघडावी आणि आपल्या प्रॉडक्टमधील जी जी गोष्ट प्रतिस्पर्ध्याच्या प्रॉडक्टशी मिळतीजुळती आहे तिची एकेका ओळीत नोंद करावी. ती गोष्ट कोणती, ग्राहकाला ती तशीच का लागते, आपल्याला ती कुठून कळली, ती ठेवायचे कोणी आणि कधी ठरवले, एवढे रकाने पुरेसे आहेत. ‘का लागते’ हा रकाना भरता येत नसेल, तर ती गोष्ट बदलून टाकावी.

या वर्गवारीमागचे तत्त्व जुने आहे. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व विस्ताराने मांडले. तो वाद नाटक आणि चित्रपटाचा होता, तरी सॉफ्टवेअरच्या वादातही तोच निकाल पुढे केला जातो. अमेरिकेत कॉपीराइट कायद्याच्या कलम १०२(बी) मध्ये कल्पना, प्रक्रिया, प्रणाली आणि ‘काम चालवण्याची पद्धत’ यांना संरक्षण नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सोर्स कोड दोन्ही देशांत साहित्यकृती मानला जातो आणि त्याची नक्कल करण्याचा विचारही करू नये. आयकॉन, चित्रे, रंगसंगती ही कलाकृतीच्या बाजूला झुकतात. ती स्वतःच काढावीत, कारण त्यांच्या साम्यामुळे ग्राहकाचे काम सोपे होत नाही, आपली केस मात्र कमकुवत होते. खरा वाद मधल्या पट्ट्यात आहे: मेनू, कमांड, एपीआय.

लोटस आणि बोरलँड: हा खटला नीट समजून घ्यावा

या मधल्या पट्ट्याची सगळी गुंतागुंत एका खटल्यात सापडते, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवणे योग्य ठरेल. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने पीसीच्या बाजारात जम बसवला. तिची किंमत ४९५ डॉलर होती. अ‍ॅडम ऑसबोर्न यांच्या पेपरबॅक सॉफ्टवेअर या कंपनीने सुमारे १०० डॉलरमध्ये व्हीपी-प्लॅनर नावाची स्प्रेडशीट आणली आणि ती लोटससारखीच, कळीला कळ जुळवून चालते, असे आपल्या मॅन्युअलमध्येच लिहिले. (ऑसबोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते आणि अखेरची वर्षेही त्यांनी तिथेच काढली.) लोटसने १९८७ मध्ये दावा लावला. २८ जून १९९० रोजी बोस्टनच्या न्यायालयात न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी मेनूच्या रचनेलाही कॉपीराइट आहे, असा निकाल दिला. पेपरबॅकने अपील न करता तडजोड केली आणि व्हीपी-प्लॅनरची विक्री थांबवली. स्वस्त पर्याय ग्राहकाच्या हातून तिथेच गेला.

त्या निकालानंतर चारच दिवसांनी लोटसने बोरलँडवर दावा दाखल केला. बोरलँडची क्वाट्रो प्रो ही स्प्रेडशीट स्वतःच्या वेगळ्या मेनूवर चालत असे. ज्याला हवा त्याला लोटसच्या धर्तीचा मेनू निवडण्याची सोय होती. लोटसचा कोड बोरलँडने घेतलेला नव्हता. घेतली होती ती ५० हून अधिक मेनूंत विभागलेल्या ४६९ कमांडची नावे आणि त्यांची उतरंड.

हे घेण्याची गरज काय होती, ते एका मॅक्रोवरून कळते. लोटसमध्ये आकड्यांना चलनाचे रूप द्यायचे असेल तर स्लॅश दाबून मेनू उघडायचा, मग रेंजसाठी आर, फॉरमॅटसाठी एफ, करन्सीसाठी सी, दशांशस्थळांसाठी २ आणि मग एंटर. हीच अक्षरे ओळीने एका सेलमध्ये लिहून तिला नाव दिले की मॅक्रो तयार झाला. पुन्हा ते काम एका कळीत होत असे. कंपन्यांच्या हिशेब खात्यांत लोकांनी असे मॅक्रो स्वतःच लिहून ठेवले होते. नव्या स्प्रेडशीटमध्ये फॉरमॅट ही कमांड दुसऱ्या मेनूत गेली किंवा तिचे पहिले अक्षर बदलले, की हे सगळे मॅक्रो निकामी. म्हणजे मेनूची उतरंड ही ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची भाषाच झाली होती.

कीटन यांनी १९९२ मध्ये बोरलँडविरुद्ध निकाल दिला. बोरलँडने लोटसच्या धर्तीचा मेनू काढून टाकला आणि ‘की रीडर’ ही सोय ठेवली, जी पडद्यावर बोरलँडचाच मेनू दाखवून जुने मॅक्रो मात्र चालवत असे. १९९३ मध्ये त्यावरही मनाई आली. मार्च १९९५ मध्ये फर्स्ट सर्किट या अपील न्यायालयाने निकाल उलटवला: मेनूतील कमांड म्हणजे प्रोग्राम चालवण्याची पद्धत आहे, व्हीसीआरवरील ‘प्ले’, ‘स्टॉप’ या बटणांसारखी, आणि पद्धतीला कॉपीराइट नसतो. न्यायाधीश मायकेल बूडिन यांनी आपल्या स्वतंत्र मतात जे म्हटले ते मला या सगळ्या साहित्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. मेनू शिकण्यात आणि मॅक्रो लिहिण्यात श्रम गुंतवले ते ग्राहकांनी, लोटसने नव्हे; मग त्या श्रमांमुळे ग्राहक लोटसकडेच अडकून का राहावेत, असा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली. त्यामुळे बोरलँडचा विजय कायम राहिला, मात्र साऱ्या अमेरिकेला लागू होणारा पायंडा पडला नाही.

बोरलँड जिंकली तेव्हा क्वाट्रो प्रो तिच्याकडे नव्हती. ती १९९४ मध्येच नोव्हेलला विकली गेली होती. लोटसही १९९५ मध्ये आयबीएमच्या ताब्यात गेली होती. दोघी न्यायालयात झगडत असताना स्प्रेडशीटचा बाजार मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने घेतला. एक्सेलने लोटसची मेनूरचना आपला मेनू म्हणून घेतली नाही, तरी लोटसच्या ग्राहकाला हात धरून आणण्याची पुरेपूर तजवीज केली. त्याच्या खुणा आजही दिसतात: एक्सेलमध्ये स्लॅश दाबून पाहावे, मेनूच्या कळा जाग्या होतात; आणि कुठल्याही सेलमध्ये ६० लिहून तिला तारखेचे स्वरूप द्यावे, २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख समोर येते. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरण्याची चूक केली होती आणि लोटसच्या फाइलींतील तारखा चुकू नयेत म्हणून एक्सेलने ती चूकही जशीच्या तशी स्वीकारली.

यातून आपल्या आराखड्यासाठी थेट सूचना मिळतात. आपला स्वतःचा मेनू हाच मुख्य असावा आणि जुन्या सवयीची सोय हा निवडीचा भाग असावा. ही सोय कोडमध्ये वेगळ्या मॉड्यूलमध्ये बांधावी, म्हणजे मनाई हुकूम आला तर ते मॉड्यूल काढूनही बाकीचे प्रॉडक्ट विकता येते. बोरलँडला दोन वेळा हेच करावे लागले. ग्राहकाच्या साठलेल्या कामासाठी, म्हणजे त्याच्या फाइली, मॅक्रो आणि टेम्प्लेट यांच्यासाठी, जे लागते त्याला अग्रक्रम द्यावा, कारण ते टिकवण्याचे समर्थन सर्वांत भक्कम असते. अकाउंटंटसाठी व्हाउचरच्या कळा ठेवायच्या असतील, तर त्या बदलता येण्याजोग्या सेटिंगमध्ये ठेवाव्यात. पडद्याची मांडणी, रंग आणि शब्दयोजना मात्र पूर्णपणे आपली असावी.

लागते तेवढेच घ्यावे

ओरॅकल विरुद्ध गूगल या खटल्याने हाच प्रश्न एपीआयच्या बाबतीत लढवला. ओरॅकलने २०१० मध्ये जावा ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि त्याच वर्षी, अँड्रॉइडमध्ये जावाच्या ३७ पॅकेजची घोषणावाक्ये घेतल्याबद्दल, दावा लावला. घेतलेल्या ओळी सुमारे ११,५०० होत्या. जावाच्या त्या एपीआयच्या एकूण २८.६ लाख ओळींच्या तुलनेत ०.४ टक्के. प्रत्यक्ष काम करणारा कोड गूगलने स्वतः लिहिला होता. २०१२ मध्ये जिल्हा न्यायालयाने एपीआयला कॉपीराइट नाही असे ठरवले, २०१४ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने ते उलटवले, २०१६ मध्ये ज्युरीने फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, हा बचाव मान्य केला, २०१८ मध्ये तोही उलटला आणि अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी कॉपीराइट आहे की नाही हा प्रश्न खुलाच ठेवला. प्रोग्रामरांनी आत्मसात केलेले कौशल्य नव्या व्यासपीठावर वापरता यावे यासाठी जेवढे लागत होते तेवढेच गूगलने घेतले, या मुद्द्यावर त्यांनी भर दिला.

तो ‘तेवढेच’ आपल्या स्प्रेडशीटच्या ‘का लागते’ या रकान्यात उतरला पाहिजे. जुन्या एपीआयमधील जी फंक्शन आपल्या ग्राहकांचे प्रोग्राम खरोखर बोलावतात त्यांचीच नावे आणि पॅरामीटर ठेवावेत. बाकीची यादी पूर्ण दिसावी म्हणून भरू नये. आणि मागचा कोड पहिल्या ओळीपासून स्वतः लिहावा.

येथे भारतातील कंपन्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. गूगलला वाचवणारा फेअर यूज हा अमेरिकी कायद्यातील मोकळा, व्यापक बचाव आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ ही अपवादांची बांधीव यादी आहे. त्या यादीत १९९९ च्या दुरुस्तीने आपल्या कामाचे दोन खंड आले. ‘एबी’ या खंडानुसार, स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याकरिता लागेल ती कृती करता येते. अट अशी की, ती करणाऱ्याकडे मूळ प्रोग्राम कायदेशीर मार्गाने आलेला असावा आणि ती माहिती दुसरीकडे सहज उपलब्ध नसावी. ‘एसी’ या खंडानुसार प्रोग्राम ज्या कामासाठी दिला आहे ते करत असताना त्यामागील कल्पना आणि तत्त्वे जाणून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. या अटींचे व्यावहारिक रूप साधे आहे. अभ्यासासाठी लागणारी प्रत कंपनीच्या नावाने विकत घ्यावी, बिल जपून ठेवावे आणि आधी प्रसिद्ध मॅन्युअल, विकासकांसाठीची कागदपत्रे आणि उघड मानके पाहून त्यांत काय मिळाले नाही ते लिहून ठेवावे. मित्राच्या ऑफिसमधील प्रत किंवा क्रॅक केलेली आवृत्ती वापरून केलेला अभ्यास या अपवादाच्या बाहेर जातो.

‘आय अ‍ॅग्री’ दाबण्यापूर्वी

कॉपीराइटच्या मुद्द्यावर जिंकूनही करारामुळे हरता येते, हे सॅस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या खटल्यांच्या मालिकेने दाखवले. सॅस ही आकडेवारीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बनवणारी अमेरिकी कंपनी. तिचे पुण्यात संशोधन व विकास केंद्र आहे आणि सॅसची भाषा शिकून बँकांच्या व औषध कंपन्यांच्या कामात शिरलेले पुष्कळ मराठी तरुण या वादाचा विषय चांगला ओळखतात: त्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालवता यावेत की नाही. इंग्लंडमधील वर्ल्ड प्रोग्रामिंग या लहान कंपनीने तसे सॉफ्टवेअर बनवले. सॅसचा सोर्स कोड तिने पाहिलेलाही नव्हता. सॅसची शिकाऊ आवृत्ती घेऊन आणि मॅन्युअल वाचून तिने काम केले.

२ मे २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की प्रोग्रामची कार्यक्षमता, त्याची भाषा आणि माहितीच्या फाइलींचे स्वरूप यांना प्रोग्राम म्हणून कॉपीराइट नाही, आणि कायदेशीर परवानाधारकाला प्रोग्रामचा अभ्यास करण्यापासून करार रोखू शकत नाही. अमेरिकेत मात्र नॉर्थ कॅरोलायनाच्या ज्युरीने शिकाऊ आवृत्तीच्या परवान्याचा भंग आणि फसवणूक झाल्याचे ठरवले आणि तिप्पट होऊन भरपाई सुमारे ७.९ कोटी डॉलरवर गेली. टेक्सासमध्ये सॅसने लावलेला कॉपीराइटचा दावा २०२३ मध्ये अपिलातही टिकला नाही, परंतु करारभंगाची रक्कम त्याने माफ होत नव्हती. इंग्लंडमध्ये वर्ल्ड प्रोग्रामिंगच्या विरोधात गेलेली एकमेव महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे मॅन्युअल. त्यातील काही मजकूर सॅसच्या मॅन्युअलच्या फार जवळचा निघाला. प्रोग्राम लिहिताना इतकी काळजी घेणाऱ्या लोकांच्या हातून मदतपुस्तिकेत हे व्हावे, याची हळहळ वाटते.

म्हणून प्रतिस्पर्ध्याचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यापूर्वी परवान्याचा मजकूर साठवून ठेवावा आणि वकिलाकडून त्यातील चार गोष्टी तपासून घ्याव्यात: वापर कोणत्या हेतूपुरता मर्यादित आहे, रिव्हर्स इंजिनिअरिंगवर (तयार प्रोग्राम उकलून त्याची रचना शोधण्यावर) बंदी आहे का, स्पर्धक प्रॉडक्टसाठी वापर वर्ज्य आहे का, आणि वाद कोणत्या देशाच्या कायद्याने व न्यायालयात चालेल. शिकाऊ, ट्रायल आणि शैक्षणिक आवृत्त्यांच्या अटी पूर्ण किमतीच्या आवृत्तीपेक्षा कडक असू शकतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी त्या वापरू नयेत. कोणत्याही कर्मचाऱ्याने वैयक्तिक खात्यावरून डाउनलोड करून अभ्यास करू नये. आणि मदतपुस्तिका लिहिणाऱ्याने समोर प्रतिस्पर्ध्याचे मॅन्युअल उघडे ठेवू नये. त्याने आपले स्वतःचे सॉफ्टवेअर चालवून लिहावे.

करार आपल्या बाजूनेही उभा राहतो. अ‍ॅपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर विंडोजच्या ‘लुक अँड फील’बद्दल दावा केला तेव्हा १८९ साम्ये मांडली. न्यायालयाला त्यांपैकी १७९ गोष्टी १९८५ च्या परवाना करारातच बसलेल्या आढळल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकांना संरक्षणच मिळण्यासारखे नव्हते. प्रतिस्पर्ध्याशी पूर्वी झालेला भागीदारीचा, इंटिग्रेशनचा किंवा वितरणाचा कोणताही करार असेल, तर तो आधी शोधून काढावा.

काय लिहावे आणि काय बोलावे

आयबीएमच्या पीसीशी जुळणारी बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने ज्या रीतीने लिहिली, तीच रीत आजही क्लीन रूम म्हणून वापरली जाते. एक गट मूळ वस्तूचा अभ्यास करून ती काय करते याचे तपशीलपत्रक लिहितो. दुसरा गट, ज्याने मूळ कोड कधीही पाहिलेला नाही, केवळ त्या पत्रकावरून नवा कोड लिहितो. दोन्ही गटांतील सगळा पत्रव्यवहार जपला जातो. पाच-सहा जणांच्या कंपनीत दोन पूर्ण गट करणे अवघड जाते, तरी निदान मूळ प्रॉडक्टच्या कंपनीतून आलेल्या माणसाला त्या मॉड्यूलचा कोड लिहायला बसवू नये, एवढे पाळता येते.

दफ्तरातला प्रत्येक ईमेल पुढे न्यायालयात वाचला जाईल असे धरून लिहावा. दावा येण्याच्या सुमारास गूगलच्या एका अभियंत्याने, जावाचे पर्याय तपासले असता ते काही कामाचे नाहीत, तेव्हा जावाच्या परवान्यासाठी बोलणी करावीत, अशा आशयाचा ईमेल लिहिला होता. ओरॅकलच्या वकिलांनी तो ज्युरीपुढे ठेवला. याचा अर्थ खरे दडवावे असा होत नाही. प्रत्येक निर्णयामागचे तांत्रिक कारण त्याच वेळी, नेमक्या शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे एखादे घाईचे वाक्य एकटे उरत नाही.

जाहिरातीलाही हेच लागू. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने २०१४ मध्ये त्याच धंद्यातील अरिस्टावर कमांड लाइनच्या, म्हणजे उपकरणाला टाइप करून द्यायच्या आज्ञांच्या, नकलेचा दावा केला, तेव्हा तक्रारीत अरिस्टाच्या वरिष्ठांची जाहीर विधानेच पुरावा म्हणून मांडली होती. डिसेंबर २०१६ मध्ये ज्युरीने अरिस्टाला जबाबदार धरले नाही, कारण कमांडचे ते रूप नेटवर्किंगच्या क्षेत्रात आधीपासून रूढ असलेल्या गोष्टींतून आलेले होते. तरीही पेटंटची लढाई शेजारी चालूच होती, आणि २०१८ मध्ये सगळे वाद मिटवताना अरिस्टाने ४० कोटी डॉलर दिले. कॉपीराइटची तपासणी करताना पेटंटचीही करून घ्यावी. जाहिरातीत ‘हुबेहूब’ असे शब्द टाळावेत. ‘अमुक फाइली उघडते’, ‘अमुक कळा निवडता येतात’ असे वस्तुस्थितीदर्शक वाक्य पुरते. क्षेत्रात एखादी पद्धत रूढ आहे हे दाखवणारी जुनी मॅन्युअल, इतर कंपन्यांचे नमुने, अभ्यासक्रमाची पुस्तके जमवून ठेवावीत.

नोटीस आली तर

निकालाची वाट न पाहताही नोटीस स्पर्धेवर परिणाम करते. १९८५ मध्ये अ‍ॅपलने डिजिटल रिसर्चला जेम या ग्राफिकल प्रणालीबद्दल दाव्याची धमकी दिली. कंपनीने पीसीवरील आवृत्तीतून कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह आणि एकमेकांवर सरकणाऱ्या विंडो काढून टाकल्या आणि दोन स्थिर विंडो ठेवल्या. कोणत्याही न्यायालयाने काही ठरवण्यापूर्वीच विंडोजचा एक स्पर्धक लंगडा झाला. अटारी एसटीवरील आवृत्तीत त्या गोष्टी राहिल्या, यावरून पीसीच्या ग्राहकाने काय गमावले ते कळते.

नोटीस मिळताच उत्तराची घाई करू नये आणि काहीही डिलीट करू नये. नोटिशीतील प्रत्येक आरोप आपल्या स्प्रेडशीटच्या ओळीशी जोडावा; बहुतेक नोटिशी मोघम असतात, आणि कोणते मॉड्यूल, कोणती आवृत्ती, कोणती ओळ हे विचारले की खरा वाद किती छोटा आहे ते दिसते. एकतर्फी अंतरिम मनाई टाळण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. ते ९० दिवस चालते, मग पुन्हा दाखल करावे लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे वादी आपल्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावू शकतो, तेव्हा कॅव्हेट केवळ पुण्यात किंवा मुंबईत टाकून भागत नाही. आणि प्रतिस्पर्धी दावा न लावता आपल्या ग्राहकांना व वितरकांना पत्रे पाठवून घाबरवत असेल, तर कलम ६० उपयोगी पडते. निराधार धमकीविरुद्ध आपणच न्यायालयात जाऊन तसे जाहीर करून घेऊ शकतो, धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. हे कलम जितके वापरले जायला हवे तितके वापरले जात नाही, असे माझे मत आहे.

ग्राहकांशी याच काळात मोकळेपणाने बोलावे. मोठा ग्राहक खटल्याच्या बातमीने खरेदी थांबवतो, कारण उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तर काय, ही त्याची चिंता रास्त असते. वेगळे ठेवलेले मॉड्यूल येथे पुन्हा कामी येते: ते काढले तरी बाकीचे काम कसे चालेल, हे त्याला प्रत्यक्ष चालवून दाखवता येते.

प्रतिस्पर्धी बाजारात वरचढ असेल आणि जुळवून घेण्याची माहितीच दाबून ठेवत असेल, तर मार्ग कॉपीराइटच्या बाहेर, स्पर्धा कायद्यात आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सर्व्हरच्या प्रोटोकॉलची माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोजच्या सर्व्हरशी जुळवून चालणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला १०,००० युरोच्या एकरकमी शुल्कात ती कागदपत्रे मिळाली. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराला लागू होते. मात्र ही वाट लांब आहे. चालू महिन्याचा पगार तिच्या भरवशावर ठेवू नये.

आपलीच नक्कल होऊ लागली तर

प्रॉडक्ट चालले की हा दिवसही येतो, आणि तेव्हा कालपर्यंत मोकळीक मागणाऱ्याला कुंपण घालावेसे वाटते. लोटसनेही व्हिसिकॅल्क या आधीच्या स्प्रेडशीटने घालून दिलेल्या वाटेवरच सुरुवात केली होती. ओरॅकलचा डेटाबेस आयबीएमने प्रसिद्ध केलेल्या एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवर उभा राहिला, आणि एपीआयसाठी गूगलशी भांडत असतानाच ओरॅकलच्या क्लाउडमध्ये अ‍ॅमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेच्या एपीआयशी जुळणारी सोय होती. दावा लावण्यापूर्वी आपले प्रॉडक्ट ज्या ज्या इंटरफेसवर उभे आहे त्यांची यादी काढावी, कारण विरुद्ध बाजूचा वकील ती काढणारच आहे.

जे खरोखर आपले आहे ते मात्र नीट राखावे. सोर्स कोड आणि मॅन्युअल यांच्या लेखनाच्या तारखांचा व लेखकांचा पुरावा व्हर्जन कंट्रोलमध्ये असावा. कंत्राटी प्रोग्रामरांकडून हक्क लेखी करून घ्यावेत. नाव आणि लोगो यांची ट्रेडमार्क नोंदणी करावी. पडद्याच्या रूपासाठी डिझाइन नोंदणीचा विचार करता येतो: २०२३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने यूएसटी ग्लोबलच्या प्रकरणात ग्राफिकल इंटरफेसची नोंदणी नाकारणारा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. एपीआय आणि फाइल फॉरमॅट मात्र इतरांनी वापरावेत अशीच इच्छा असेल, तर ते स्पष्ट परवान्यासह प्रसिद्ध करून टाकावेत आणि त्या परवान्यात कोणती आवृत्ती, कोणते भाग आणि किती काळ हे लिहावे. तोंडी ‘वापरा, हरकत नाही’ असे सांगून ठेवू नये.